मलावीतला हापसा तिसऱ्या वर्षी बंद का पडतो? आफ्रिकेतल्या खेड्यांत काम करणाऱ्या छोट्या संस्थांनी या चुका टाळाव्यात

आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यासाठी चार-पाच जणांनी मिळून काढलेली, वर्षाकाठी काही लाख रुपयांचा व्यवहार असलेली आणि पगारी माणूस असलाच तर एखादाच असलेली संस्था ही वाटते तितकी दुर्मीळ गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये, त्यातही स्कॉटलंडमध्ये, एकट्या मलावीसाठी काम करणाऱ्या अशा कितीतरी संस्था आहेत, आणि ब्रिटनमध्ये किंवा पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसांवरही अशा संस्थेला देणगी देण्याची किंवा तिचे विश्वस्तपद स्वीकारण्याची वेळ येऊ शकते. या लेखातली उदाहरणे मुख्यतः मलावीची आहेत. २०१८च्या जनगणनेनुसार या देशाच्या सुमारे पावणेदोन कोटी लोकसंख्येपैकी ८४ टक्के लोक खेड्यांत राहतात, आणि विंधन विहिरींपासून बचत गटांपर्यंत छोट्या संस्थांची जवळजवळ सर्व प्रकारची कामे तेथे पाहायला मिळतात.

या संस्थांच्या बहुतेक अडचणींचे मूळ त्यांच्या अंदाजपत्रकात सापडते. ते उद्घाटनापर्यंतचे असते. तिसऱ्या वर्षी काय मोडेल, ते दुरुस्त कोण करील आणि त्याचे पैसे कोणाकडून येतील, याची नोंद त्यात कुठेच नसते. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकी देशांतल्या हातपंपांपैकी सुमारे एक तृतीयांश पंप कोणत्याही क्षणी बंद असतात, असा अंदाज ग्रामीण पाणीपुरवठा क्षेत्रातल्या अभ्यासकांनी २००९च्या सुमारास मांडला होता. नंतरचे अंदाज थोडे बरे, म्हणजे चारांत एक असे आहेत. हे पंप बसवताना कोणी ना कोणी फीत कापलेली असते, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

वस्तू आधी ठरवणे आणि गाव नंतर शोधणे

मुलांनी गोल फिरणाऱ्या पाळण्यावर खेळावे आणि त्या फिरण्याने जमिनीतले पाणी उंचावरच्या टाकीत चढावे, ही कल्पना दक्षिण आफ्रिकेत निघाली आणि ‘प्लेपंप’ या नावाने गाजली. २००६ मध्ये अमेरिकेत या पंपांसाठी सुमारे १ कोटी ६४ लाख डॉलरच्या निधीची घोषणा झाली आणि २०१० पर्यंत ४,००० पंप बसवण्याचे लक्ष्य ठरले. अडचण साध्या गणिताची होती. एका पंपाने अडीच हजार माणसांना पाणी पुरवायचे असेल, तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावे लागेल, असा हिशेब ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने २००९ मध्ये मांडला. मुले शाळेत गेली की म्हाताऱ्या बायका वाकून ते चाक ढकलत. हापशाच्या सुमारे चौपट किंमत, गावात दुरुस्त न होणारी यंत्रणा आणि काही ठिकाणी तर चालू हापसा काढून त्याच्या जागी बसवलेला पाळणा, अशी ही कथा मलावीतही घडली. मूळ संस्थेने २०१० च्या सुमारास काम थांबवले आणि उरलेले पंप दुसऱ्या संस्थेकडे सोपवले.

केनियातल्या तुर्काना सरोवराच्या काठी नॉर्वेच्या मदतीने मासे गोठवण्याचा कारखाना उभा राहिला, तो १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जेमतेम काही दिवस चालला. तुर्काना लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणारे, आणि त्या वाळवंटी मुलखात गोठवणयंत्रांसाठी लागणारी वीज व स्वच्छ पाणी परवडणारे नव्हते. ही मोठ्या पैशांची उदाहरणे असली तरी छोटी संस्था हीच चूक लहान प्रमाणात करते: देणगीदाराला शाळेची खोली हवी असते म्हणून खोली बांधली जाते, आणि शिक्षकाच्या नेमणुकीबद्दल जिल्हा शिक्षण कार्यालयाशी कोणी बोललेलेच नसते.

यावर उपाय म्हणून गावात जाऊन ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारले तर अपुरे पडते, कारण पाहुणा जे देऊ शकतो तेच मागायचे, हे प्रत्येक शहाण्या गावाला कळते. ‘गेल्या पाच वर्षांत गावाने स्वतःच्या पैशाने किंवा श्रमदानाने काय दुरुस्त केले?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. उत्तरादाखल गाव ज्या वस्तूकडे बोट दाखवते, ती त्याला खरोखर हवी असते.

विंधन विहीर चुकीच्या महिन्यात घेणे

या चुकीवर अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण छोट्या संस्थांचा सर्वाधिक पैसा बहुधा येथेच जमिनीत जातो आणि यातली फसगत वर्षभर दिसून येत नाही.

मलावीत पाऊस साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पडतो. देणग्या ख्रिसमसच्या सुमारास जमतात, पावसात यंत्राची गाडी कच्च्या रस्त्याने जाऊ शकत नाही, आणि रस्ते वाळले की एप्रिल-मे महिन्यांत विहीर खोदली जाते. भूजलाची पातळी नेमकी तेव्हा सर्वांत वर असते. पाणी धो धो लागते, छायाचित्रे निघतात आणि ऑक्टोबरमध्ये तीच विहीर सकाळच्या तीस-चाळीस बादल्यांनंतर कोरडी पडते. शक्य असेल तर खोदकाम सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच्या कोरड्या दिवसांत करावे. ते जमत नसेल तर निदान पातळी किती खाली जाईल याचा अंदाज धरून विहीर अधिक खोल घ्यावी आणि पंपाचे सिलिंडर, म्हणजे पाण्यात बुडालेला दट्ट्याचा भाग, त्या हिशेबाने खाली सोडावे.

दुसरी फसगत कंत्राटात असते. ‘पाणी लागले तरच पैसे’ ही अट विश्वस्तांना फार सुरक्षित वाटते, परंतु तिचा परिणाम उलटा होतो. कोरड्या विहिरीचा सगळा तोटा कंत्राटदारावर पडत असल्याने तो जागेच्या भूभौतिक सर्वेक्षणावर खर्च टाळतो, वस्तीपासून दूर असलेली पण खात्रीची सखल जागा निवडतो किंवा जेमतेम झिरपणाऱ्या विहिरीलाच यशस्वी ठरवतो. मीटरप्रमाणे दर ठरवावा, कोरड्या विहिरीचाही ठरावीक मोबदला द्यावा, आणि कंत्राटदाराशी संबंध नसलेला भूजलतज्ज्ञ देखरेखीसाठी नेमावा. हा माणूस केसिंगचे, म्हणजे विहिरीच्या भिंतीला आधार देणारे, नळ मोजतो, त्यांतला छिद्रांच्या जाळीचा भाग पाणी लागलेल्या थरासमोरच बसला आहे ना हे पाहतो आणि काही तास सलग उपसा करून पाणी किती टिकते याची चाचणी घेतो. हापशासाठी सेकंदाला पाव लिटर इतका टिकाऊ झरा पुरतो. म्हणजे एक वीस लिटरची बादली ऐंशी सेकंदांत भरली पाहिजे, आणि चाचणीच्या शेवटच्या तासातही तशीच भरली पाहिजे.

पाण्याची तपासणी वगळणे ही तिसरी चूक. पूर्व आफ्रिकेतल्या महाखचदरीच्या पट्ट्यात, म्हणजे इथिओपियापासून केनिया, टांझानियामार्गे मलावीपर्यंत, भूजलात फ्लोराइडचे प्रमाण काही ठिकाणी धोकादायक असते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या वाचकांना पिवळे पडलेले दात आणि आखडलेले सांधे वेगळे सांगायला नकोत. मलावीच्या दक्षिणेकडे, शिरे नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या चिक्वावा आणि न्सान्जे या जिल्ह्यांत अडचण खारेपणाची आहे: हापसा उत्तम चालतो, संस्थेच्या अहवालात त्याची नोंद ‘चालू’ अशी होते आणि बायका मात्र पिण्याचे पाणी नदीवरूनच आणतात.

सिमेंटच्या ओट्याबद्दल थोडक्यात. तो निदान सात दिवस ओल्या पोत्यांखाली भिजत ठेवावा लागतो, पण उद्घाटनाची तारीख आधीच ठरलेली असली की तिसऱ्याच दिवशी वापर सुरू होतो, पहिल्याच वर्षी भेगा पडतात आणि सांडपाणी पुन्हा विहिरीत मुरते. सांडपाण्याची नाली शोषखड्ड्यापर्यंत किंवा भाजीच्या वाफ्यापर्यंत न्यावी, आणि शेळ्यांना अडवणारे कुंपण त्याच अंदाजपत्रकात धरावे.

‘आपला’ पंप पाठवण्याचा मोह

भारतातून मदत करणाऱ्यांना हा मोह विशेष होतो, आणि त्यामागचा अभिमान समजण्यासारखा आहे. इंडिया मार्क-२ या जगभर पसरलेल्या हापशाची मुळे महाराष्ट्रात आहेत. ओतीव लोखंडाचे जुने पंप मोठ्या संख्येने बंद पडत असताना जालना आणि सोलापूर येथे मिशनशी संबंधित कार्यशाळांनी मजबूत पोलादी पंप घडवले. त्यांतूनच १९७०च्या दशकात युनिसेफच्या साह्याने मार्क-२चा आराखडा सिद्ध झाला. आज युगांडापासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत अनेक देशांत तो किंवा त्याची सुधारित आवृत्ती वापरात आहे.

मलावीने मात्र ॲफ्रिडेव्ह हा पंप प्रमाण मानला आहे. १९८०च्या दशकात मलावी आणि केनियात विकसित झालेला हा पंप सुमारे ४५ मीटर खोलीपर्यंत चालतो, त्याचा उभा नळ प्लॅस्टिकचा असतो, आणि नळ वर न काढता आतला दट्ट्या सळ्यांसकट हाताने ओढून बाहेर काढता येतो. मार्क-२च्या खोलवरच्या दुरुस्तीसाठी नळ उचलण्याची अवजारे आणि चार-पाच माणसे लागतात. ॲफ्रिडेव्हला एक पाना पुरतो. कोणता पंप चांगला, हा वाद येथे गैरलागू आहे. ज्या पंपाचे वायसर तालुक्यासारख्या बाजारगावात मिळतात आणि ज्याची उघडझाप शेजारच्या गावातल्या मिस्त्रीला येते, तोच पंप बसवावा. तिसऱ्या जातीचा पंप आणणारी संस्था सुट्या भागांसाठी त्या गावाला कायमचे स्वतःवर अवलंबून ठेवते.

जेथे मार्क-२ रूढ आहे, तेथे नळांकडे लक्ष द्यावे. पाण्याचा सामू (पीएच) ६.५ च्या खाली, म्हणजे पाणी आम्लधर्मी असेल तर जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ झपाट्याने गंजतात. युगांडाच्या सरकारने २०१६ मध्ये असे नळ वापरण्यावर बंदी आणली, ती याच अनुभवामुळे.

समिती नेमली म्हणजे देखभाल झाली, असे समजणे

प्रत्येक हापशामागे दहा-बारा जणांची समिती नेमली जाते, दोन दिवसांचे प्रशिक्षण होते आणि टोप्या वाटल्या जातात. दोन वर्षांनी गेले तर खजिनदार गावात नसतो. याचे एक कारण बाहेरून आलेल्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. मलावीच्या मध्य आणि दक्षिण भागांत, चेवा, याओ आणि लोम्वे समाजांत, वंश आईकडून मोजण्याची पद्धत आहे आणि लग्नानंतर अनेक पुरुष बायकोच्या गावी राहायला येतात. म्हणजे संस्थेने पाना हातात देऊन शिकवलेला होतकरू जावई घटस्फोटानंतर किंवा बायको वारल्यावर आपल्या माहेरी, खरे तर आईच्या गावी, निघून जातो. गावात जन्मलेल्या आणि गावातच राहणाऱ्या बायकांना दुरुस्ती शिकवणे हे त्यामुळे व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे. शिवाय पाणी भरतात त्याच.

वर्गणीची पद्धतही बहुधा शहरी डोक्यातून आलेली असते. दरमहा ठरावीक रक्कम गोळा करायची, असा ठराव होतो. परंतु मक्यावर आणि तंबाखूवर जगणाऱ्या शेतकऱ्याकडे दरमहा पैसे येत नाहीत. पीक एप्रिल ते जून या काळात हाती येते, आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंत घरात धान्यही पुरत नाही. वर्षाची वर्गणी कापणीनंतर एकदाच, हवी तर मक्याच्या रूपाने घ्यावी. ती पेटीत नोटांच्या स्वरूपात ठेवली तर महागाई तिला खाते: नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या मध्यवर्ती बँकेने क्वाचा या चलनाचे मोठे अवमूल्यन केले आणि डॉलरचा भाव सुमारे १,१८० क्वाचांवरून १,७०० वर गेला. म्हणून जून महिन्यातच पुढच्या दोन वर्षांपुरते वायसर, रबरी सील आणि बुश (दांड्याच्या सांध्यातला प्लॅस्टिकचा भाग) विकत घेऊन उन्हापासून दूर, डब्यात जपून ठेवणे हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. उरलेली रोकड गावातल्या बचत गटात व्याजाने फिरवणारी गावेही आहेत.

संस्थेने स्वतः फुकट दुरुस्ती करून देणे तर टाळावेच. एका गावात फुकट दुरुस्ती झाल्याची बातमी सायकलच्या वेगाने आसपासच्या वीस गावांत पोचते आणि तेथली वर्गणी थांबते. मलावीत क्षेत्र-मिस्त्री म्हणून प्रशिक्षित झालेले लोक ठिकठिकाणी असतात. त्यांना पगार देण्याऐवजी गावाने कामागणिक मजुरी द्यावी, आणि संस्थेने त्यांना फार तर अवजारे आणि सायकल मिळवून द्यावी.

बिघाडाची लक्षणे दूरवरून ओळखणे

विश्वस्तांना ‘पंप मोडला, पैसे पाठवा’ एवढाच निरोप येतो आणि घाबरून पूर्ण पंपाचे पैसे पाठवले जातात. त्याआधी फोनवरून चार प्रश्न विचारता येतात. सकाळी पहिल्यांदा दांडा मारल्यावर पाणी यायला बराच वेळ लागतो आणि नंतर ते नीट येते, असे असेल तर रात्रीतून पाणी खाली उतरते आहे. तळाची झडप किंवा नळाचा सांधा गळत असावा. दिवसभरच धार बारीक असेल आणि विहिरीत पाणी असेल, तर दट्ट्यावरचे सील झिजले आहे, आणि हा भाग स्वस्त असतो. दांडा एकदम हलका लागत असेल आणि थेंबही येत नसेल, तर सळी निसटली किंवा तुटली आहे. दांडा डुगडुगत असेल आणि करकरत असेल, तर प्लॅस्टिकचे बुश बदलण्याची वेळ टळून गेली आहे. ते वर्षाकाठी बदलावेत.

लालसर पाण्याचा प्रश्न थोडा वेगळा. लोखंड मुळात भूजलात आहे की नळ गंजत आहेत, हे ओळखण्यासाठी पहाटे पहिली बादली आणि दोन तास सलग उपशानंतरची बादली शेजारी ठेवून पाहावी. दुसरी स्वच्छ असेल तर दोष नळांचा किंवा सळ्यांचा आहे. दोन्ही सारख्याच लाल असतील तर दोष पाण्यातच आहे आणि नळ बदलून काही साधणार नाही. पाण्यात वाळू येत असेल तर मात्र मिस्त्री काही करू शकत नाही. जाळी किंवा तिच्याभोवतीची खडी चुकीची बसली आहे, आणि याचा जाब खोदणाऱ्याला विचारायचा असतो. त्यासाठी कंत्राटात वर्षभराची हमी आणि रोखून ठेवलेली काही टक्के रक्कम असावी लागते.

आणि हापसा ठीक असूनही ओळ संपत नसेल, तर माणसे मोजावीत. मलावीचे सरकारी प्रमाण एका विंधन विहिरीमागे २५० माणसांचे आहे. पाचशे माणसे एकाच दांड्यावर असतील तर वायसर दुप्पट वेगाने झिजणारच.

बचत गट म्हणजे आपलाच बचत गट, असे धरून चालणे

महाराष्ट्रातल्या माणसाला बचत गट समजावून सांगावा लागत नाही, आणि अडचण तिथेच सुरू होते. भारतातल्या गटांची वाटचाल १९९२ पासून नाबार्डच्या बँक-जोडणीच्या दिशेने झाली: गटाने बचत करावी, बँकेने कर्ज द्यावे. आफ्रिकेच्या खेड्यांत पसरलेली पद्धत निराळी आहे. १९९१ मध्ये नायजर देशातल्या मारादी भागात ‘केअर’ या संस्थेने ती सुरू केली. पंधरा ते पंचवीस सभासद दर बैठकीला एक ते पाच ‘भाग’ विकत घेतात, त्याच पैशातून आपापसांत कर्ज देतात आणि नऊ ते बारा महिन्यांनी सगळी रक्कम व्याजासह वाटून घेऊन हिशेब शून्यावर आणतात. पेटीला तीन कुलुपे असतात आणि तीन किल्ल्या तिघींकडे. पेटी चौथीच्या घरी. मलावीत याला ‘बँक म्खोंडे’, म्हणजे ओसरीवरची बँक, म्हणतात. आपल्याकडच्या भिशीशी तिचे नाते बचत गटापेक्षा जवळचे आहे.

वर्षअखेर सगळे वाटून टाकणे हे भारतीय पाहुण्याला उधळपट्टीचे वाटते आणि तो भांडवल साठवण्याचा सल्ला देतो. वास्तविक ही वाटणीच गटाचे लेखापरीक्षण असते: पेटी उघडून सर्वांसमोर पैसे मोजले जातात आणि घोटाळा वर्षापेक्षा जास्त लपत नाही. लिहिता न येणाऱ्या सभासदांसाठी याहून चांगली व्यवस्था मला माहीत नाही. वाटणी पेरणीच्या आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ठेवली की पैसे खतासाठी आणि बियाण्यांसाठी वेळेवर मिळतात.

दुसरी चूक उदारपणाची. संस्था ‘सुरुवातीचे भांडवल’ म्हणून बाहेरचे पैसे पेटीत टाकते. स्वतःचा पैसा बुडाला तर शेजारीण रागावते. पाहुण्यांचा बुडाला तर कोणीच रागावत नाही, आणि परतफेड ढिली पडते. गटाला पेटी, वह्या, शिक्के आणि वर्षभर येणारी एक चांगली प्रशिक्षिका द्यावी. पैसे देऊ नयेत.

भत्ता, प्रमुख आणि कार्यालये

मोठ्या संस्थांनी अनेक वर्षे बैठकीला येणाऱ्यांना दैनिक भत्ता दिला, त्यामुळे आता भत्त्याविना बैठकीला कोणी येत नाही, ही तक्रार मलावीत काम करणारे सर्वच करतात. छोट्या संस्थेने या चढाओढीत उतरू नये. बैठक गावातच घ्यावी, खुरपणीच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, ती टाळावी, दुपारी दोननंतर ठेवावी, चहा-खाणे द्यावे आणि बाहेरून येणाऱ्याला प्रत्यक्ष प्रवासखर्च द्यावा. जिल्ह्यातल्या इतर छोट्या संस्थांशी बोलून एकच दर ठरवता आला तर उत्तम.

गावप्रमुखाला सरपंच समजण्याची चूकही घडते. गावाचा प्रमुख, त्याच्यावर गट-प्रमुख आणि त्याच्यावर पारंपरिक अधिकारी ही वंशपरंपरेची एक शिडी आहे. ग्राम विकास समिती, क्षेत्र विकास समिती आणि जिल्हा परिषद ही शासनाची दुसरी. दोन्हींना विचारल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, आणि केवळ प्रमुखाला विचारले तर विहीर त्याच्या अंगणाजवळ निघते. जमीन कोणत्या कुटुंबाच्या वहिवाटीची आहे आणि ती त्यांनी सार्वजनिक वापरासाठी दिली आहे, हे साक्षीदारांच्या सह्या-अंगठ्यांसह लिहून घ्यावे. पुढच्या पिढीत भांडण याच कागदावरून मिटते.

हिशेब

‘तुमचा शंभर टक्के पैसा थेट गावात’ ही जाहिरात बहुतेक छोट्या संस्था करतात, आणि तीच त्यांना पुढे गोत्यात आणते. मोटारसायकलचे पेट्रोल, फोन, लेखापालाची फी, स्थानिक नोंदणीचे शुल्क हे सगळे कोठून तरी येतेच. मग ते विहिरीच्या नावावर चढवले जाते आणि हिशेब प्रामाणिक माणसाकडूनही खोटा होतो. प्रशासकीय खर्च उघडपणे दाखवावा आणि देणगीदारालाही तो स्पष्ट सांगावा.

बँक खात्यावर सही करणारे दोघे एकमेकांचे नातेवाईक नसावेत. आठवडी बाजारात वाळू किंवा विटा विकणारा पावती देत नाही, म्हणून ‘पावती नाही तर पैसे नाहीत’ असा नियम केला तर खोट्या पावत्या तयार होतात. त्याऐवजी विकणाऱ्याचे नाव, फोन क्रमांक, मालाचे माप आणि अंगठा असलेली खरेदी-चिठ्ठी चालवून घ्यावी. मोठी रक्कम मोबाइलवरून पाठवली की नोंद आपोआप राहते. अवमूल्यनानंतर पौंडाला अधिक क्वाचा मिळतात म्हणून काही विश्वस्त खूश होतात, पण नळ, सिमेंट आणि डिझेल बाहेरून येत असल्याने त्यांचे भाव लगेच चढतात, आणि तुमच्या क्षेत्र-कार्यकर्त्याचा पगार तेवढा जुन्याच आकड्यावर राहतो. त्याचा पगार आधी सुधारावा.

भारतातून पैसे पाठवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. निवासी व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि तीत देणगीही बसते. मात्र परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही. भारतात नोंदलेल्या धर्मादाय न्यासाने तर अधिकच जपावे, कारण देशाबाहेर खर्च केलेल्या उत्पन्नाला, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची विशेष मान्यता नसेल तर, करमाफी लागू होत नाही. पैसे पाठवून झाल्यावर सनदी लेखापालाकडे जाण्यात अर्थ नाही.

कपडे आणि रोपे

जुने कपडे गोळा करून पाठवू नयेत. वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतो, आणि जुन्या कपड्यांचा बाजार तेथे आधीच एवढा मोठा आहे की २०१५-१६ मध्ये पूर्व आफ्रिकी देशांनी त्यांची आयात कमी करण्याचे ठरवले होते. रवांडाने आयातकर वाढवला, तेव्हा २०१८ मध्ये अमेरिकेने त्या देशाच्या कपड्यांना दिलेली व्यापार-सवलत थांबवली.

वृक्षारोपणात लावलेली रोपे मोजू नयेत. जगलेली मोजावीत, आणि तीही पुढच्या ऑक्टोबरात, कोरडा हंगाम सरताना. वांगारी मथाई यांच्या हरित पट्टा चळवळीने १९७७ पासून केनियातल्या बायकांना जगलेल्या रोपामागेच छोटासा मोबदला दिला होता. शेतात आपोआप फुटणारे जुन्या खोडांचे धुमारे राखणे तर रोपवाटिकेहून स्वस्त पडते. नायजरमध्ये १९८०च्या दशकापासून शेतकऱ्यांनी याच रीतीने सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे परत आणली.

काम सोपवताना

हस्तांतराचा कार्यक्रम होतो आणि कागद होत नाही. जिल्हा जल कार्यालयाला विहिरीची नोंद दिली नसेल तर सरकारच्या दृष्टीने ती विहीर नाहीच, आणि दहा वर्षांनी नवी संस्था येऊन तिच्यापासून पन्नास मीटरवर दुसरी खोदते. खोदकामाचा तक्ता, पाण्याची स्थिर पातळी, चाचणीचा निकाल, पाण्याचा अहवाल, नळांची संख्या आणि पंपाची जात ही माहिती एका पानावर लिहून तिची एक प्रत जिल्हा कार्यालयाला, एक क्षेत्र-मिस्त्रीला आणि एक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून समितीला द्यावी. पाने हरवतात. म्हणून ओट्यावर देणगीदाराचे नाव कोरायचे असेल तर कोरावे, पण त्याच ओल्या सिमेंटवर विहिरीची खोली, सिलिंडर किती मीटरवर आहे तो आकडा आणि तीन-तीन मीटरचे किती नळ आत आहेत, हेही कोरून घ्यावे. सळ्या ओढायला आलेल्या मिस्त्रीला त्या दिवशी तेवढेच वाचायचे असते.